मिल्कावहिनीची न लिहिलेली चाल

बातमी आली तेव्हा मी अरादला लेकीकडे होते, आणि हात कणकेनं भरलेले होते. शेजारणीकडे फोन आलाय म्हटल्यावर तशीच धावले. पलीकडून भाचा बोलत होता, मिल्कावहिनीचा धाकटा. त्यानं सगळं हिब्रूतच सांगितलं. आई सकाळी गेली, दुपारी दफन आहे, तुला पोचता येईल का. मी मराठीतून विचारत होते, कशी गेली, जवळ कोण होतं, आणि तो हिब्रूतून उत्तरं देत होता. त्याचा तरी काय दोष? तो इथंच जन्मला, इथंच वाढला. पण त्या घटकेला मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. जी बाई जन्मभर माझ्याशी मराठीत भांडली, तिचं मरण मला मराठीत ऐकायचं होतं.

अरादहून बेर शेवा, तिथं बस बदलून किर्यात गात. या देशात मेलेल्या माणसाला कुणी थांबवून ठेवत नाही. मी पोचले तोवर माणसं कब्रस्तानातून परत निघाली होती. सात दिवसांचं सुतक झालं, तिसावा दिवस झाला, त्यालाही आता काही आठवडे होऊन गेले… पण माझं काही ठिकाणावर येत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठलो ते आठवत नाही. हे लिहितानासुद्धा मधेच उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. हा रोग मुळात वहिनीचा. मी उगाचच उचलला.

मिल्कावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा आणि ती पासष्ट साली ठाण्याहून इथं इस्राएलात आले. आम्ही आधीच येऊन किर्यात गातला चिकटलो होतो, त्यामुळे त्यांनाही शेजारच्याच ब्लॉकमध्ये घर मिळालं. दादाला कापडगिरणीत काम लागलं, मागाहून तीही तिथंच लागली. येताना तिनं दोन पेट्या आणल्या. एकीत कपडे, भांडी आणि मसाले होते, दुसरीत अंथरुणं आणि त्यांच्या घडीत गुंडाळलेला शिसवी सोंगट्यांचा बुद्धिबळाचा डाव. तिचे वडील ठाण्याला रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. त्यांना मुलगा नव्हता, मग संध्याकाळी ओटीवर खेळायला समोर ही बसायची. आमच्या आईला ते बघून धक्काच बसला. सून लोणच्याचा खार करून आणेल म्हणून वाट पाहत होती, आणि सुनेनं आणले हत्ती-घोडे.

इथं गिरणी कामगारांचा एक क्लब होता. रुमानियाचे, पोलंडचे, रशियाचे पुरुष संध्याकाळी तिथं सिगारेटी फुंकत बुद्धिबळ खेळायचे. वहिनी एके दिवशी सरळ आत गेली आणि मला सोबतीला ओढून नेलं. मार्कू म्हणून एक घड्याळजी होता, रुमानियाचा. तो कौतुकानं म्हणाला, बसा, खेळू या. खेळ रंगात आला आणि वहिनीनं आपला राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं उडवला. मार्कूनं सोंगटी परत जागेवर ठेवली. हिनं परत उडवली. आपल्याकडे देशी डावात राजाला शह बसायच्या आधी एकदा असं उडायला मिळतं, प्यादंही एकेकच घर सरकतं. तिच्या वडिलांनी तिला तेच शिकवलेलं, जगात दुसऱ्या तऱ्हेनं खेळतात हे तिच्या गावीही नव्हतं. तिला वाटलं हा लबाडी करतोय, त्याला वाटलं ही लबाडी करतेय. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. सगळा क्लब भोवती गोळा झाला आणि हसून हसून बेजार झाला. बाहेर आल्यावर वहिनीनं मला विचारलं, "हसायला काय झालं त्यांना? यांचे राजे लंगडे, आणि हसतात मला."

पण ती दुसऱ्या दिवशी परत गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. त्यांचे नियम शिकली, पटावरची घरं हिब्रूत म्हणायला शिकली, आणि वर्ष सरायच्या आत मार्कू तिच्यासमोर बसायला कां-कूं करू लागला. खेळायची तिची तऱ्हा मात्र बघवत नसे. चाल केली की खुर्ची मागे ढकलून उठायची, बडीशेप चघळत दुसऱ्यांचे पट बघत हिंडायची, आपली पाळी आली की उभ्यानंच वाकून चाल करायची. समोरच्याला वाटे हिचं लक्षच नाही. मी एकदा तिला म्हटलं, बाई, तुझ्या खुर्चीला काटे आहेत का? तर म्हणाली, बसले की मला भीती वाटते गो, उभी असले की नाही वाटत.

तिला पोरींचं वेड कसं लागलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. क्लबात बायका नव्हत्याच, आणि आमच्या वस्तीतल्या पोरी शाळा सुटल्यावर जिन्यात बसून असायच्या. आमच्या हिंदी पोरी, मोरोक्कोच्या, जॉर्जियाच्या. वस्तीत एक मिक्लात होतं, म्हणजे हल्ला झाला तर लपायचं सरकारी तळघर. एरवी कुलूप घातलेलं. नगरपालिकेला तिथं टेबल टेनिस सुरू करायचं होतं. वहिनी रोज गिरणीतून सुटली की नगरपालिकेत जाऊन बाकावर बसायची. काही बोलायची नाही, तक्रार करायची नाही, फक्त उठायची-बसायची, उठायची-बसायची. शेवटी तिथल्या साहेबाचंच डोकं फिरलं आणि त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. पट तिनं ओव्हरटाइम करून आणले. जुनी घड्याळं मार्कूनं दुरुस्त करून दिली. बाहेरगावी स्पर्धा असली की पोरींच्या बसच्या तिकिटापासून डब्यापर्यंत सगळं ती बघायची. दादा कुरकुरायचा की माझ्या घरात जेवायला मला जागा नाही, आणि मग त्याच पोरींना केळी सोलून द्यायचा.

त्या पोरींत अलिझा नावाची एक होती. काटकुळी, नाकावर चष्मा, तोंडातून शब्द नाही. तिचा बाप मसऊद बाजारात भाजी विकायचा आणि मोरोक्कोवाल्यांच्या सिनेगॉगमध्ये पहिल्या रांगेत बसायचा. वहिनी म्हणायची, ही पोर माझ्यासारखी दहा जणी खाऊन बसेल. पण एकदा अश्दोदच्या स्पर्धेत शुक्रवारचा खेळ लांबला, सूर्य मावळून शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस लागल्यावरही पोरींच्या हातात पेन्सिल होती. स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर टिपावी लागते, आणि आपल्यात शब्बाथला लिहायचं नाही. मसऊदला कळलं. तो मिक्लातच्या पायऱ्यांवर आला, अलिझाला हाताला धरून उठवलं आणि वहिनीला म्हणाला, तुम्हा हिंदी लोकांचा शब्बाथ कसा असतो कोण जाणे, आमच्यात असं चालत नाही. ते सगळ्या पोरींसमोर. आम्ही कोकणातून आलेले बेने इस्राएल खरे ज्यू आहोत की नाही याचा किस पाडून धर्मपीठवाल्यांना नुकताच कुठे कंटाळा आला होता. जखम ओली होती, त्यानं नेमकं तिथं बोट घातलं. त्याच्यामागून आणखी दोघा-तिघांनी पोरी काढून नेल्या. वहिनी घरोघर फिरली. दारात उभी राहून प्रत्येक बापाला शब्द दिला की माझ्या खोलीतलं कुणीही शब्बाथला लिहिणार नाही, मी धरून. बाकीच्या पोरी हळूहळू आल्या. मसऊदनं दारच उघडलं नाही.

मग आला तो शुक्रवार. त्र्याहत्तर सालच्या योम किप्पूरच्या युद्धाआधीचा हिवाळा होता. परदेशी स्पर्धेला जाणारा देशाचा महिला संघ निवडायचा होता, तेल अवीवला निवडीचे डाव चालले होते, आणि आमची गिरणीतली वहिनी तिथवर पोचली होती. निघण्याआधी आम्ही घरी मलिदा केला, आमच्या एलियाहू हानबी प्रेषितांच्या नावानं पोहे, गूळ, खोबरं, फळं मांडली, दादानं सगळ्या प्रार्थना चढ्या आवाजात म्हटल्या. मी तिच्या सोबतीला गेले. शेवटचा डाव एका पोलिश बाईशी, नुसती बरोबरी झाली तरी वहिनी संघात. तिला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. ज्या क्लबात हसले होते तिथं तिला देशाचा कोट घालून जायचं होतं. तोंडानं ती कबूल करायची नाही, पण बसमध्ये मला विचारलं होतं, कोट लोकरीचा देतात की कसला.

डाव सकाळीच सुरू व्हायचा होता, पण सभागृहाची किल्ली असलेला माणूस उगवला भलत्याच उशिरा. हिवाळ्यातला दिवस तो, बघता बघता खिडक्या तांबूस झाल्या. वहिनीनं पेन्सिल खाली ठेवली, शेवटच्या चाली टिपल्याच नाहीत. पंचानं तिकडे काणाडोळा केला. मग वेळ संपली, आणि पाळी होती वहिनीची. त्या काळी डाव अर्धा राहिला की तहकूब करत. ज्याची पाळी असेल त्यानं आपली चाल पटावर न खेळता कागदावर लिहायची आणि लखोट्यात बंद करून पंचाकडे द्यायची, म्हणजे मधल्या वेळात समोरच्याला ती कळत नाही. पंचानं कागद पुढे केला. वहिनी म्हणाली, मी लिहिणार नाही. तो थकलेला भला माणूस होता. म्हणाला, बाई, मग माझ्या कानात सांगा, मी लिहितो. तिनं नाही म्हणून मान हलवली, दुसऱ्याकडून लिहवून घेणंही तेच. मला राहवलं नाही, मी पुढे होऊन मराठीत म्हटलं, "वहिनी, सांगून टाक त्याला. देव काय इथं हजेरी घ्यायला बसलाय?"

"देवाचं नाही गो," ती म्हणाली. "हजेरी मसऊद घेतो."

आणि तिनं हत्ती उचलला, समोरचं प्यादं मारलं, आणि चाल उघडी पटावर ठेवली. पोलिश बाईला आता विचार करायला अख्खा शब्बाथ मिळाला. शनिवारी तारे दिसल्यावर डाव पुन्हा मांडला, आणि फार वेळ न लागता वहिनी हरली. संघात ती पोलिश बाई गेली. येताना बसमध्ये वहिनी उभ्यानं आली, जागा असून.

ही गोष्ट गावात आमच्या आधी पोचली. कुणीतरी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आणल्या. सिनेगॉगमध्ये बोललं गेलं की हिंदी बाईनं शब्बाथसाठी देशाच्या संघावर पाणी सोडलं. रविवारी संध्याकाळी मसऊद मिक्लातच्या पायऱ्या उतरून आला, अलिझाला हाताला धरून. पुढची सगळी वर्षं त्या दिवसावर उभी राहिली. अलिझा मुलींच्या स्पर्धा जिंकत गेली, तिच्यामागून आणखी आल्या. किर्यात मलाखीच्या शाळेनंही वहिनीला बोलावलं, तिथंही तिनं एक खोली मिळवलीच. युद्धात भोंगे वाजले तेव्हा अख्खी वस्ती त्या पटांच्या टेबलांवर बसून राहिली होती, आणि वहिनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना प्यादं कसं चालतं ते शिकवत होती. मात्र एक गोष्ट मला कधी उमगली नाही. कुणी त्या शुक्रवारची गोष्ट काढली, कौतुक केलं, की ही ताडकन उठायची. चहा टाकते म्हणायची, नाहीतर बाहेर कपडे वाळलेत म्हणायची. मला वाटायचं, विनय. मी तिला चिडवायचेही की संतपण झेपत नाही का गं तुला.

शेवटचं भेटले ती अश्केलॉनच्या इस्पितळात. अंगात काही उरलं नव्हतं, पण पाय पांघरुणाखाली हलतच होते. नर्सला बाहेर जाऊ दिलं आणि माझा हात धरून म्हणाली, "यमू, ती चाल लिहिली असती तरी मी हरलेच असते. चालच चुकली होती. प्यादं मारायचं नव्हतं, राजा पुढे काढायचा होता. हत्तीवरचं बोट सुटलं आणि मला कळलं. लखोट्यातसुद्धा हीच घातली असती."

मला आधी अर्थच लागेना. मग हळूहळू लागला. पोलिश बाईला शब्बाथभर डोकं शिणवायची गरजच पडली नव्हती. म्हणजे शब्बाथनं वहिनीचं काही नेलं नव्हतं, जे गेलं ते तिच्याच हातून गेलं होतं. मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, मसऊद आला त्या दिवशी सांगणारच होते, तोंड उघडलंही होतं. तर अलिझा बापाचा हात सोडून केव्हाच पटाशी जाऊन बसलेली, सोंगट्या मांडत. ते बघितलं आणि तोंड मिटलं. एकदा मिटलं ते मिटलंच. लोक आपले हार घालतायत, आणि मला खुर्चीत बसवत नाही. "मी गेल्यावर तू सांगून टाक," एवढं म्हणाली, आणि पाणी मागितलं. मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

पण हो म्हणणं सोपं होतं. नगरपालिकेनं ठरवलं की तिसाव्या दिवशी मिक्लातला तिचं नाव द्यायचं, भिंतीवर पाटी लावायची. पाटीवर काय, तर हिब्रूत ठळक अक्षरांत, शब्बाथच्या मानासाठी जिनं स्वतःचा मान सोडला तिची ही खोली. आणि घरातली थोरली म्हणून चार शब्द मी बोलायचे. माझी झोप उडाली. सांगितलं तर तिच्याच तिसाव्याला तिचं नाव मातीत घालणार, आणि मसऊदसारखी माणसं काय म्हणतील? बघा, म्हणजे हे हिंदी लोक… नाही सांगितलं तर तिला दिलेला शब्द मोडणार. दादाला विचारावं तर त्या बिचाऱ्याला आता ऐकूही कमी येतं. मला वहिनीचाच राग यायला लागला. स्वतः सुटली, आणि जाताना आपली खुर्ची मला देऊन गेली.

तिसाव्या दिवशी मी मुद्दाम लवकर पोचले. खोलीत अलिझा एकटी पट मांडत होती. आता ती बेर शेवाला शाळेत गणित शिकवते, आणि आठवड्यातून एकदा इथं येऊन वहिनीच्या पोरींना घेते. मी दार लोटलं आणि माझ्या मोडक्या हिब्रूत सगळं तिच्यापुढे ओतलं. हत्ती, प्यादं, राजा, इस्पितळ, सगळं. तिनं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे."

मग तिनं सांगितलं. दर वर्षी नव्या पोरी आल्या की वहिनी पहिल्या धड्याला भिंतीवरच्या मोठ्या पटावर एकच डाव मांडायची. कुणाचा, कधीचा, काही सांगायची नाही. फक्त विचारायची, आता काय खेळाल? पोरी डोकं खाजवायच्या, बऱ्याचजणी प्यादं मारा म्हणायच्या, आणि कुणी ना कुणी म्हणायची, राजा. त्यावर वहिनी मराठीत म्हणायची 'शाबास', आणि खोलीबाहेर निघून जायची. जरा वेळानं परत यायची आणि पुढचा धडा घ्यायची. अलिझानं पुढे जुन्या वर्तमानपत्रात तो तेल अवीवचा डाव छापलेला बघितला आणि तिला सगळं कळलं. मी विचारलं, मग तू बापाला बोलली नाहीस? ती म्हणाली, "काय बोलू? चाल चुकली. पण लिहिली तर नव्हती ना? लिहिली असती तर बाबांनी मला परत आणलंच नसतं. आणि चाल चुकली हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं, लिहिणार नाही म्हणाली तेव्हा तिला वाटत होतं की ती जिंकतेय."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वहिनीच्याही आलं नसावं, नाहीतर ती इतकी वर्षं अशी उभ्यानं जगली नसती. मी तिथल्याच एका बाकावर बसले आणि मला रडू फुटलं, तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच. हे तिला सांगायला आता कोण जाणार…

माणसं जमली. पाटी लागली. मसऊद काठी टेकत आला आणि पाटीवर हात फिरवून त्यानं बोटांना ओठ लावले. माझी पाळी आली तेव्हा मी भाषण केलं नाही. अलिझाला म्हटलं, तुमचा पहिला धडा घे. तिला कळलं. तिनं मोठ्या पटावर तो डाव मांडला, आणि पटापुढे उभ्या असलेल्या लहान पोरींना विचारलं, आता काय खेळाल? एक म्हणाली, प्यादं मारा. दुसरीही तेच म्हणाली. मग मागून एका बारक्या पोरीनं टाचा उंचावून सांगितलं, मेलेख. म्हणजे राजा. अलिझानं मान डोलावली. पण पोरी खाली बसेनात, दाराकडे बघत राहिल्या, आधीच्या वर्षीच्या तर सगळ्याच. अजून काहीतरी व्हायचं राहिलं होतं, ते झाल्याखेरीज त्यांचा धडा पुरा होत नव्हता. अलिझानं माझ्याकडे बघितलं.

"शाबास," मी म्हटलं.

पोरी बसल्या. मीही बसले.